एकट्यानं गाडी मारायला आवडतं, हे ग्रुपला सांगू कसं?

फोंडेकर४६:
वय ४६, कुंडईला शिफ्टची नोकरी. गाडी ११ वर्षांची, १५० सीसी. घरातले म्हणतात आता विका. ऑफिसातल्यांनी ग्रुप काढलाय, चवथ झाल्यापासून दर आयतारी राइड.

गेल्या महिन्यात चोर्ला घाट केला. साडेसहाला कदंब स्टँडवर जमायचं ठरलं आणि निघालो पावणेआठला, कारण एकाचं हेल्मेट घरी राहिलं होतं. अकरा गाड्या. पहिला वळणावर जरासा ब्रेक मारतो, त्याच्या मागचा थोडा जास्त, आणि नववा मी जवळपास थांबतोच. मग गाठायला परत पळवायची. वर धुकं. एका जागी ड्रोनवाल्यासाठी परत मागे जाऊन रांगेत यायला लावलं, वराती घोडे असल्यासारखं. घरी बायकोनं विचारलं, काय बघितलं? खरं सांगायचं तर पुढच्या गाडीचा लाल दिवा.

पुढच्या आयतारी ‘घरी पाहुणे’ म्हणून थाप मारली आणि जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं दिवाडी, पलीकडून दुसऱ्या फेरीनं नार्वे. फेरी धक्क्याला लागताना हादरा बसतो, म्हणून गाडी गिअरमध्ये, पुढचा ब्रेक धरून उभा. शेजारी एक मासेवाली रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसलेली. म्हणाली, ‘एकटोच?’ मी हो म्हटलं, संपलं. नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दीपमाळेपाशी अर्धा तास नुसता बसलो. दिवाडीचं मूळ देऊळ पोर्तुगिजांनी पाडलं, इथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला, हे शाळेपासून माहीत; पण इतका वेळ कधी बसलो नव्हतो. ‘चला, चला’ करणारं कोणी नव्हतं.

अडचण अशी, की ग्रुप साहेबांचा आहे. माणूसघाणा न ठरता नाही कसं म्हणायचं?

साखळीची_स्कूटर:
दादा, पाहुण्यांची थाप परत मारू नका. गोवा केवढासा, नार्व्याला कोणीतरी ओळखीचं भेटणारच.
मीही एकटीच जाते, पण ‘एकटीच?’ हा प्रश्न मला जरा वेगळ्या सुरात येतो. त्याची सवय झाली. रेंज नसण्याची नाही झाली. श्रावणात नवऱ्याची मोटारसायकल घेऊन चोर्ल्याला गेले आणि क्लच केबल तुटली. फोनवर एक काडी नाही. नवी केबल जुनीच्या बाजूनं आधीच ओढून चिकटपट्टीनं बांधून ठेवली होती, फक्त दोन्ही टोकं बदलायची. तरी हात थरथरत होते. बाकी करा न करा, एवढं करा. आणि परत यायची वेळ घरी सांगून जा.

अनमोडचा_घसरलेला:
तुम्हाला नको असलेला तो लाल दिवा मला एकदा हवा होता. पावसात घसरलो, पाय गाडीखाली. मागून मित्र येत होता म्हणून गाडी उचलली गेली. अकरा नकोत हे पटलं. दोघं जा. एकमेकांशी न बोलणारा मित्र शोधा, मिळतात असे.

म्हापशाचा_पायलट:
२२ वर्षं पिवळी-काळी मोटारसायकल टॅक्सी चालवतोय. मागे कोण ना कोण बसलेलं असतंच: वकील, टुरिस्ट, एकदा तर शहाळ्यांचं पोतं. मंगळवारी भाडं नसलं की मागची सीट रिकामी ठेवून हरमलपर्यंत जाऊन येतो. गाडी इतकी हलकी लागते की पहिल्या वळणावर चुकतं. त्याला राइड म्हणतात हे आज कळलं.

फोंडेकर४६:
केबल काल ओढून घेतली, साखळीच्या ताई, देव बरें करूं. साहेबांनाही सोमवारी कँटीनमध्ये सरळ सांगून टाकलं. चहा ढवळत बसले थोडा वेळ. मग हळूच म्हणाले, ‘मलाही कंटाळा येतो रे. पण ग्रुप मीच काढलाय ना.’