दहावी हैदराबादची, बारावी लातूरची: राज्याच्या ८५ टक्के कोट्यात एमबीबीएस मिळेल का?

पालक_लातूर: डोमिसाइल आहे, ओबीसीचं जात प्रमाणपत्रही आहे. एवढ्यावर राज्य कोट्यात अर्ज चालतो ना?

फेरी_तीन: नुसतं डोमिसाइल पुरत नाही. दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातूनच लागतात. अपवाद आहेत, उदा. बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांची मुलं किंवा सीमाभाग. त्यात बसत असाल तर सीईटी सेलच्या (राज्याचे प्रवेश करणारी यंत्रणा) माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातच दाखला घ्या. साध्या लेटरहेडवरचा चालत नाही.

अपवादात नसाल तर एमसीसीकडे (देशपातळीवर वैद्यकीय प्रवेश करणारी केंद्राची समिती) वळा. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा आणि सगळी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं तिथेच. लोणीचं प्रवरा किंवा कराडचं कृष्णा राज्याच्या यादीत शोधत बसू नका. मात्र अभिमतसाठी अनामतच २ लाख आहे, फी वेगळी.

कागदी_घोडा: ओबीसीचं म्हणाल, तर राज्यात जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअरही हवं. एमसीसीला केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल लागतं, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत हवी. राज्याचा दाखला तिथे चालत नाही. नेमकी इथेच गल्लत होते.

पालक_लातूर: आणि ७०:३० मध्ये (७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के उरलेल्या राज्याला) मराठवाड्याचा फायदा?

फेरी_तीन: ते २०२० सालीच रद्द झालं. जुने कटऑफ बघून अंदाज बांधू नका.

कागदी_घोडा: राज्यात जागा मिळालीच, तर स्टेटस रिटेन्शनचा (मिळालेली जागाच कायम ठेवण्याचा) फॉर्म विचार करून भरा. भरला की पुढच्या फेऱ्या बंद. न भरता वरची जागा लागली, तर आधीची आपोआप जाते.