अनुभव धागा : अजून बोलत नाही? (घर, वाडी, अंगणवाडी)

धागाकर्ती
गणपती जवळ आले. चाकरमानी उतरले की पहिल्याच संध्याकाळी ओटीवर कुणीतरी विचारणार, "दोन वर्षांचा झाला, अजून बोलत नाही?" मग सल्ल्यांचा पाऊस. म्हणून जाणकारांना बोलावलंय. घरच्या हकिगती नकोत. काय करायचं, किती करायचं आणि कुठे चुकतं, तेवढंच लिहा.

वाचा-उपचार, रत्नागिरी
शब्द मोजण्याआधी मुलाचं बोट बघा. वर्षाच्या आसपास मूल बोटाने दाखवू लागतं. त्यात दोन प्रकार असतात. 'ते दे' म्हणून दाखवणं, आणि खळ्यात आलेला बगळा दाखवून तुमच्या तोंडाकडे बघणं: 'बघितलास ना?' दुसरा प्रकार जास्त महत्त्वाचा, कारण बोलणं त्यातूनच फुटतं. तो दिसत नसेल तर शब्द असूनही चौकशी करावी.

मोजणीत घोळ होतो तो असा. होडीला मूल दर वेळी 'बू' म्हणत असेल तर तो शब्दच धरायचा. मालवणी, मराठी, टीव्हीवरची हिंदी, सगळ्यांची बेरीज एकत्र करायची. दीड वर्षाला दहाएक आणि दोन वर्षांना पन्नासच्या आसपास शब्द, शिवाय 'पाणी दे' अशी दोन शब्दांची जोडी, हा ढोबळ अंदाज.

घरी करायचं ते इतकंच: बोला आणि थांबा. मनात सातपर्यंत आकडे मोजा. मोठ्यांना ही शांतता सोसत नाही, दुसऱ्याच सेकंदाला उत्तर तेच देऊन टाकतात. मूल जे म्हणेल त्यात एकच शब्द वाढवा. 'मासो' म्हणालं तर 'मोठो मासो'. सगळं वाक्य वदवून घेऊ नका. मासे साफ करताना 'हे काय? ते काय?' अशी उलटतपासणी चालते, तिने मूल गप्प होतं. त्यापेक्षा "बांगड्याचे खवले काढतंय, हात बुळबुळीत झाले" असं नुसतं बोलत राहा.

अंगणवाडी सेविका, मालवण तालुका
वरच्या 'मासो'वरून. "घरात शुद्ध बोला, नाहीतर मूल मागे पडेल" हे पालक हमखास म्हणतात. दोन बोलींमुळे बोलणं उशिरा येत नाही. उलट आजी मोडक्या प्रमाण मराठीत बोलायला लागली की तिचं बोलणंच आटतं, आणि तोटा तिथे होतो. मूल "माका व्हया" म्हणालं की "मला हवं म्हण" अशी दुरुस्ती नको. "तुका पाणी व्हया? घे, हे पाणी हवं होतं ना" असं दोन्ही कानांवर पडू दे. मालवणीत लहान मुलगी नपुंसकलिंगात बोलली जाते, म्हणून मूल ताईबद्दल "ते आलं" म्हणतं. ते त्याच्या घरचं व्याकरण आहे.

बोली पूर्ण नवी असेल तर मूल काही आठवडे, कधी काही महिनेही गप्प बसतं. तेव्हा बघायचं ते हे: सांगितलेलं कळतंय का, खेळात मिसळतंय का, घरी बोलतंय का. तिन्हीला 'हो' असेल तर धीर धरा.

बालरोग, चिपळूण
आधी कान. जन्मानंतर 1 महिन्याच्या आत ओएई चाचणी (कानात आवाज सोडून कानाचा प्रतिसाद मोजतात), शंका राहिली तर 3 महिन्यांपर्यंत बेरा चाचणी (आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का ते बघतात) करून निदान, 6 महिन्यांपर्यंत उपचार सुरू. घरी थाळी वाजवून बघतात त्यावर विसंबू नका. मोठा आवाज ऐकू येतो, पण 'स', 'फ' निसटतात. शिवाय मूल हालचाल बघूनही वळतं. पावसाळ्यात सर्दी लांबली की पडद्यामागे पाणी साठून ऐकणं कमी-जास्त होतं. टीव्हीचा आवाज वाढला, मूल सारखं "आँ?" करू लागलं, तर कान तपासा.

जीभ चिकटलेली असली तर काही उच्चार अडतील, बोलणं सुरूच होत नाही असं नाही. आणि वेखंड मधात उगाळून चाटवणाऱ्यांसाठी: वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

बालवाडी शिक्षिका, गुहागर
चाकरमान्यांवरून आठवलं. आठ-नऊ महिन्यांचं मूल मुंबईहून आलेल्या बापाला बघून रडतं आणि घरात रुसवेफुगवे होतात. अनोळखी माणसाची भीती हे ओळख पक्की होत असल्याचं लक्षण आहे. बापाने एकदम उचलू नये. मूल आईच्या मांडीवर, बाप थोडा लांब, तिरका बसलेला. नजर रोखायची नाही. करवंटी किंवा चमचा पुढे सरकवायचा, मुलाने घेतला की थांबायचं. जवळ कधी यायचं ते मूल ठरवेल.

शिमग्यातला संकासूर दोन-तीन वर्षांच्या मुलाला खराच वाटतो. मुखवट्याआड ओळखीचा माणूस आहे हे त्याला अजून धरून ठेवता येत नाही. सोंग चढवताना दाखवा, मुखवट्याला हात लावू द्या. "जेव, नाहीतर संकासुराला देईन" हे मात्र बंद.

आई, दापोली
प्रश्न : साडेतीन वर्षं, "म-म-मला" असं अडखळणं. "हळू बोल" सांगायचं ना?

वाचा-उपचार, रत्नागिरी
नाही. तुम्ही हळू बोला, त्याचं वाक्य त्याला पुरं करू द्या. या वयात विचार पुढे धावतो, जीभ मागे राहते. बऱ्याच मुलांचं आपोआप जातं. सहा महिन्यांहून जास्त टिकलं, किंवा बोलताना मान-चेहरा ताणला जात असेल, तर दाखवा.

अंगणवाडी सेविका, मालवण तालुका
आदळआपट राहिली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी राग मोठा, शब्द थोडे. आधी खाली बसा, आवाज उतरवा, मग भावनेला नाव द्या: "होडी न्हेली म्हणान राग इलो." समजावणं रडं ओसरल्यावर, ऐन रड्यात कानात शिरत नाही. तीनच्या आतल्या मुलाकडून वाटून घेण्याची अपेक्षा नको. सारख्या दोन करवंट्या ठेवल्या की निम्मी भांडणं मिटतात.

बालरोग, चिपळूण
मोबाइलबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांत वर्षाच्या आत पडदा नाही, दोन ते चार वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तितकं बरं. पावसाच्या चार महिन्यांत हे मोडतं, विशेषतः पेज भरवताना. आजीने मांडीवर घेऊन मुंबईच्या बाबांशी केलेला व्हिडिओ कॉल वेगळा, तिथे समोरून उत्तर येतं.

वर्षाला बडबड किंवा खाणाखुणा नाहीत, सोळा महिन्यांना एकही शब्द नाही, दोन वर्षांना स्वतःची दोन शब्दांची जोडी नाही, किंवा कुठल्याही वयात आलेलं बोलणं गेलं, तर थांबू नका. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. तिथून पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (लहान वयातच तपासणी आणि उपचार होतात तिथे) पाठवतात. जाताना घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या, दवाखान्यात मूल तोंड उघडत नाही.