मसाला कडू का होतो
वर कुणीतरी विचारलंय की मटणाच्या चापांना कोरडा मसाला चोळून शेगडीवर ठेवलं की मसाला जळून कडू का व्हायलाय. अहो आच लै मोठी असती तुमची. आमच्याकडं परभणीला कोळशावर पांढरी राख धरल्याशिवाय जाळी ठेवतच नाहीत, आणि मसाल्यात साखर बिलकुल नको, तीच आधी करपती. मी रात्रीच नुसतं मीठ लावून फ्रीजमध्ये उघडं ठेवतो, सकाळी चाप वरून कोरडे पडलेले असतात, मग भरडलेले धने-मिरे, थोडं तिखट, तेलाचं बोट, बास. येसर, म्हणजे आमच्याकडचा भाजून दळलेला मसाला, टाकायचा तर शेवटच्या दोन मिनिटांत, तो आधीच भाजलेला असतो ना. उतरवल्यावर पाच मिनिटं हात लावू नका, आमची पोरं थांबत नाहीत ती गोष्ट वेगळी.