आधी ‘नाही’ म्हणणाऱ्याला राजी केलं, हे इंग्रजीत कसं लिहावं?

कोथरूडकर
आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा वृत्तान्त परदेशातल्या सभासदांसाठी इंग्रजीत लिहितोय. तळमजल्यावरचे काका-काकू घर सोडायला तयार नव्हते. समितीने भाडं, तात्पुरती जागा सगळं नीट समजावून त्यांची सही मिळवली. ‘कन्व्हिन्स्ड देम फॉर साइनिंग’ लिहिलंय, पण खटकतंय. ‘कोक्स’ किंवा ‘कजोल’ घालू का?

शब्दपारखी
‘फॉर’ आधी काढा. ‘पर्सुएडेड देम टु साइन’ लिहा. ‘कन्व्हिन्स’ मुळात मत पटवण्यासाठी, त्यामुळे त्यापुढे ‘दॅट’ किंवा ‘ऑफ’ येतं: ‘कन्व्हिन्स्ड देम दॅट द रेंट वुड बी पेड’. ‘कन्व्हिन्स्ड देम टु साइन’सुद्धा आता सर्रास लिहितात, विशेषतः अमेरिकेत, पण काटेकोर संपादक अजूनही ‘पर्सुएड’च पसंत करतात.

मराठी माणूस सगळ्यात जास्त चुकतो तो वेगळ्याच जागी. आपलं ‘समजावलं’ म्हणजे नुसता प्रयत्न. ‘खूप समजावलं, पण ऐकेनात’ हे बिनचूक मराठी. ‘पर्सुएडेड’मध्ये मात्र समोरचा तयार झाला हे आलंच, म्हणून ‘आय पर्सुएडेड हिम अ लॉट बट ही डिड नॉट अग्री’ हे वाक्य स्वतःलाच खोडतं. प्रयत्न फसला असेल तर ‘ट्राइड टु पर्सुएड’ किंवा ‘अर्ज्ड’ म्हणा.

मुद्रितशोधक
‘कजोल’ अजिबात नको. त्यात लाडीगोडी, खोटी स्तुती, आमिष येतं. काका-काकूंचाही मान जातो आणि समितीचाही. ‘व्हीडल’ त्याहून वाईट, ते गोड बोलून उकळणं. ‘कोक्स’ सौम्य आणि धीराचं आहे, पण ते हट्टी पोराला किंवा पलंगाखाली दडलेल्या मांजराला शोभतं. ‘टॉक्ड देम इंटू साइनिंग’मध्ये निर्णय त्यांच्या हिताचा नसावा, अशी शंका डोकावते. ‘प्रिव्हेल्ड अपॉन देम टु साइन’ बरोबर आहे, जरा भारदस्त.

‘प्रेशर्ड’ किंवा ‘ट्विस्टेड देअर आर्म्स’ तर गमतीनेही लिहू नका. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 10 प्रमाणे संमती मुक्त असावी लागते, मुक्त संमतीची व्याख्या कलम 14 मध्ये आणि अनुचित प्रभावाची कलम 16 मध्ये आहे. उद्या वाद झालाच, तर असा शब्द तुमच्याच कागदावर सापडायला नको.

व्याकरणवाली
‘विन ओव्हर’ही इथे छान बसेल, फक्त सर्वनाम मधे घ्या: ‘वन देम ओव्हर’. ‘वन ओव्हर देम’ चूक. ‘ब्रिंग राउंड’चंही तसंच, ‘ब्रॉट देम राउंड’, अमेरिकेत ‘अराउंड’. सुरुवातीची नाखुशी ‘रिलक्टंट टु लीव्ह’ अशी लिहा, ‘रिलक्टंट फॉर लीव्हिंग’ नाही. इथे ‘रेटिसंट’ही टाळा, त्याचा मूळ अर्थ मितभाषी.

मी असं लिहीन: ‘दे वेअर रिलक्टंट टु लीव्ह ॲट फर्स्ट, बट द कमिटी एक्स्प्लेन्ड द रेंट अँड द टेम्पररी हाउसिंग इन डिटेल अँड पर्सुएडेड देम टु साइन.’ राजी कशामुळे झाले हे वाक्यातच आलं, की क्रियापद साधं असलेलंच बरं.