नागपूर अधिवेशनात आठवड्यातून एक तास फक्त मुख्यमंत्र्यांनी उत्तरं द्यावीत का?

मामातलाव
माझं मत, द्यावीत. विषय कुठल्याही खात्याचा चालेल, पण सार्वजनिक सेवा आणि तिच्यावरचा खर्च, एवढ्यापुरताच. नागपूरला दरवर्षी एक तरी अधिवेशन व्हावं हे १९५३ च्या नागपूर करारात आहे. आता ते भरतं, मोर्चे येतात, निवेदनं घेतली जातात, आणि गावातला नळ होता तिथेच राहतो.

नळाचंच घ्या. दीड हजार वस्तीचं गाव. जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी ५५ लिटर, म्हणजे दिवसाला ८२,५०० लिटर. टाकी झाली, पाइप गाडले, घरोघरी तोट्या लागल्या, पाणी नाही. का? विहिरीची क्षमता-चाचणी पावसाळा संपता संपता उरकली, मे महिन्यात तळ दिसला. किंवा पाणी आहे, पण पंपाची वीजजोडणी वेगळ्या कामात होती आणि ती राहिली. किंवा जोडणीही झाली, पण बिल थकलं. पाच एचपीचा पंप रोज सहा तास चालला तर २२ युनिट, महिन्याला साडेसहाशे-सातशे. ते बिल ग्रामपंचायतीने पाणीपट्टीतून भरायचं आणि पाणीपट्टी निम्म्या घरांकडून येत नाही.

आता आमदाराने हे विचारायचं कोणाला? योजना पाणीपुरवठा विभागाची, जोडणी ऊर्जेची, ग्रामपंचायत ग्रामविकासची, हप्ता अडला तर वित्त विभाग. प्रत्येक मंत्री आपल्यापुरतं खरं बोलतो आणि चारही खऱ्यांची बेरीज कोरडा नळ. हे चारही धागे जिथे एकत्र येतात ती खुर्ची एकच आहे. आज त्या खुर्चीला तिच्या स्वतःच्या खात्यांपलीकडचं विचारताच येत नाही.

कक्ष क्रमांक तीन
पूर्ण विरोध. मुख्यमंत्री उभे राहिले म्हणून उत्तर बदलत नाही, कारण उत्तर लिहिणारा बदलत नाही.

एलएक्यू, म्हणजे आमदाराचा विधानसभेतला प्रश्न, आला की काय होतं ते पाहा. विधानमंडळ सचिवालयाकडून प्रश्न मंत्रालयातल्या कक्षात. कक्षातून आयुक्तालय किंवा जिल्हा परिषदेच्या सीईओंकडे, तिथून बीडीओकडे (गटविकास अधिकारी), तिथून ग्रामसेवकाकडे. ग्रामसेवक दोन ओळी लिहून देतो. त्या दोन ओळी वर चढताना प्रत्येक टेबलावर थोड्या थोड्या गुळगुळीत होतात आणि शेवटी छापून येतं, ‘अंशतः खरे आहे.’ मुख्यमंत्र्यांच्या हातातही तोच कागद जाईल. उलट खात्याच्या मंत्र्याला उपप्रश्न विचारून कोंडीत पकडता येतं, त्याच्यामागे अधिकारी-गॅलरीत त्याच खात्याचे सचिव बसलेले असतात. मुख्यमंत्र्यांना सगळ्या खात्यांचं विचारलं की एकच उत्तर मिळणार : ‘माहिती घेऊन सभागृहाला कळवण्यात येईल.’ तुमचा तास त्यातच संपला.

इंग्लंडचं उदाहरण कोणी देणारच, म्हणून आधीच लिहितो. तिथे पंतप्रधानांचे प्रश्न १९६१ पासून ठरावीक वेळी होतात. आधी मंगळवारी आणि गुरुवारी पंधरा-पंधरा मिनिटं, १९९७ पासून बुधवारी सलग अर्धा तास. टीव्हीवर छान दिसतं. कोणत्या गावचा दवाखाना त्याने उघडला ते सांगा. मोठ्या नेत्याला विचारलेला प्रश्न मोठाच होतो आणि मोठ्या प्रश्नाचं उत्तर भाषण असतं.

पऱ्हाटी
कक्ष तीन, तुमचं अर्धं पटलं, अर्धं नाई पटलं बावा.

साप चावल्याचं घ्या. आमच्या इकडे पेरणीपासून कापूस वेचणीलोक हाच धाक. इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर चालते, पण विष चढलेल्या माणसाले सुरुवातीलेच आठ-दहा कुप्या लागतात. पीएचसीत, म्हंजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, चार कुप्या असल्या तरी ‘साठा उपलब्ध आहे’ हे उत्तर खरंच ठरते! मंत्री खोटा बोलला असं म्हणता येत नाई. पावडरची कुपी फ्रीजशिवाय राहू शकते, पातळ औषधाले २ ते ८ डिग्री लागते, अन् लाइन गेली का फ्रीज गेला. हे कोन विचारते? विचारनाऱ्यालेच मालूम नसन तर मुख्यमंत्री उभा राहो का मंत्री, फरक काय पडते?

पंचवीसपंधरा
तुम्ही सगळे सेवेवर बोलताय, पैशाकडे या. आणि इथे मी मामातलावच्या बाजूने आहे, पण वेगळ्या कारणाने.

डिसेंबर २०२४ आठवा. मंत्र्यांचा शपथविधी नागपुरातच, १५ तारखेला. अधिवेशन १६ ते २१. खातेवाटप २१ च्या रात्री, म्हणजे अधिवेशन आटोपल्यावर. सहा दिवस सभागृहात मंत्री होते, पण आरोग्यमंत्री, पाणीपुरवठामंत्री असं कोणी नव्हतं. त्याच आठवड्यात ३५,७८८ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या आणि मंजूर झाल्या. ‘खात्याच्या मंत्र्याला विचारा’ हा नियम त्या आठवड्यात कोणाला लावायचा होता? घटनेच्या १६४ व्या कलमाप्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिक जबाबदार आहे. मग सामूहिक उत्तर द्यायला उभा राहणारा माणूस एकच उरतो.

दुसरं. निधीच्या उत्तरात तीन आकडे असतात आणि मंत्री त्यांतला सगळ्यात मोठा सांगतो. तरतूद म्हणजे अर्थसंकल्पात लिहिलं ते. वितरण म्हणजे बीम्सवर, सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, प्रत्यक्ष सोडलं ते. खर्च म्हणजे कोषागारातून निघालं ते. ‘रस्त्यांसाठी इतके कोटी दिले’ हे वाक्य बहुधा तरतुदीचं असतं. त्यातही गंमत अशी की जिल्हा परिषदेकडे वळता झालेला पैसा कोषागाराच्या हिशोबी खर्चच दिसतो, मग तो तिच्या खात्यात पडून का असेना. जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा जिल्हा परिषदेला पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत वापरता येतो, म्हणून ३१ मार्चच्या रात्री बिलं निघतात आणि खडी पावसाळ्यानंतर पडते. ३०५४ आणि ५०५४ ही रस्त्यांच्या खर्चाची दोन लेखाशीर्षं, म्हणजे हिशोबाची खाती. दोन्हींचं काम एकाच रस्त्यावर, एक दुरुस्ती, एक बांधणी. कुठल्या लेखाशीर्षातून काय झालं ते सांगा म्हटलं की सभागृहात शांतता. वित्त आणि नियोजन दोन्हींवर ज्याचा शब्द शेवटचा, त्याने हे तीन आकडे शेजारी शेजारी वाचून दाखवावेत. एवढंच.

कक्ष क्रमांक तीन
डिसेंबर २०२४ चा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण तो अपवाद आहे, त्यावर कायमचा नियम उभारू नका.

आणि तीन आकडे वाचून दाखवायला मुख्यमंत्री कशाला? अतारांकित प्रश्न टाका, लेखी उत्तर येतं, तक्ता सोबत जोडून येतो. तारांकिताचं, म्हणजे सभागृहात तोंडी मिळणारं, उत्तर असमाधानकारक वाटलं तर त्यावरच अर्धा तास चर्चा मागता येते. मंत्री सभागृहात ‘करू’ म्हणाला की ते आश्वासन समितीकडे नोंदलं जातं. झालेल्या खर्चासाठी कॅगचा अहवाल आणि लोकलेखा समिती आहे, तिथे सचिवाला कागद घेऊन बसावं लागतं आणि गॅलरीत टाळ्या वाजवायला कोणी नसतं. हत्यारं भरपूर आहेत. गंजली आहेत ती न वापरल्यामुळे.

मामातलाव
लोकलेखा समिती शवविच्छेदन करते, भाऊ. पेशंट जिवंत असताना विचारायचं असेल तर प्रश्नोत्तराचा तासच लागतो.

गोसीखुर्द धरण पाहा. १९८८ ला पायाभरणी, मूळ किंमत ३७२ कोटी, २००९ ला राष्ट्रीय प्रकल्प, पुढे सुधारित किंमत १८ हजार कोटींच्या वर. यात किती जलसंपदामंत्री बदलले ते मोजत बसा. नवा मंत्री नेहमी ‘आधीच्या काळात’ म्हणून सुटतो. पुनर्वसन एका खात्याचं, कालवे दुसऱ्याचं, शेतचाऱ्यांपर्यंत पोचेतो तिसराच कोणी येतो. विदर्भाचं वैधानिक विकास मंडळ होतं तेव्हा निदान अनुशेषाचा, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाचा, हिशोब एका टेबलावर यायचा. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

खाली बघितलं तर तिथेही विचारणारं कोणी नव्हतं. अमरावती, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्हा परिषदांवर मार्च २०२२ मध्ये प्रशासक बसले. सदस्य नाहीत, स्थायी समिती नाही, सर्वसाधारण सभा नाही. जे प्रश्न जिल्ह्यात विचारून संपायचे ते सगळे विधानसभेच्या दारात आले. अशा वेळी तो एक तास जास्त होतो का?

खारपाणपट्टा
दोघांचंही वाचलं. मी कक्ष तीनच्या बाजूने, कारण पूर्णेच्या खोऱ्यात प्रश्न मुळात वेगळा आहे आणि तो मुख्यमंत्र्यांच्या एका तासात हरवेल. इथे विहीर खोदा की बोअर मारा, पाणी खारंच. त्यामुळे मामातलाव म्हणतात ती चाचणीची भानगडच नाही, धरणावरून आणलेली प्रादेशिक योजना हाच एक रस्ता. वान धरणावरची ८४ खेडी योजना घ्या. अशा योजनेत शेवटच्या गावाला पाणी का पोचत नाही? जलवाहिनी फुटते, मधली गावं आडजोडण्या घेतात, दाब पडतो, पाळी आठ-दहा दिवसांवर जाते. याला उत्तर कार्यकारी अभियंता देऊ शकतो, फार तर खात्याचा मंत्री. मुख्यमंत्री ‘पश्चिम विदर्भाच्या पाण्यासाठी शासन कटिबद्ध आहे’ म्हणतील आणि बातमी त्याचीच होईल.

पऱ्हाटी
कटिबद्ध! तो शब्द सभागृहात बंद केला तरी अर्धा तास वाचते.

पंचवीसपंधरा
मग एक करू. इथेच एक प्रश्न लिहू, कोणी का विचारेना. सर्पदंशाचा घेतो :

(१) विदर्भातील प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये सर्पदंशावरील लसीचा तुटवडा आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. (३) चौकशीत काय आढळून आले. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

कक्ष क्रमांक तीन
हा प्रश्न माझ्या टेबलावर आला तर चार ओळींत वाटेला लावतो. (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही. मुख्यमंत्र्यांना विचारा नाहीतर कोणालाही.

‘तुटवडा’ हा शब्दच काढा. ‘खरे आहे काय’ने सुरुवात करू नका, नाही म्हणायला जागा मिळते. ‘विदर्भातील’ नको, तालुका लिहा. मग असं विचारा : अमुक तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात १ जून आणि ३० सप्टेंबर रोजी किती कुप्या शिल्लक होत्या, मधल्या चार महिन्यांत सर्पदंशाचे किती रुग्ण आले, किती जणांना लस न देता पुढे पाठवले, आणि मागणी नोंदवल्याची व पुरवठा मिळाल्याची तारीख कोणती.

पऱ्हाटी
यात ‘लस न देता’ काहून? दोन कुप्या टोचून पाठवलेला त्यात मोजलाच जानार नाई.

कक्ष क्रमांक तीन
बरोबर. ‘पूर्ण मात्रा न देता’ करा.