चिऊचं लोणी, लाल कोट आणि माईची टकळी

मी: (फोटो) (फोटो) (व्हिडिओ)

मी: सुप्रभात मंडळी, आमच्याकडे रात्र आहे. आज गावच्या मैदानात १७७५ सालचा दिवस भरवला होता, त्या काळचे कपडे घालून त्या काळची कामं करायची. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली ते लेक्सिंग्टन इथून पंधरा मिनिटांवर, त्यामुळे या भागात हौशी शिपायांना तोटा नाही.

आत्या (सांगली): झालरीच्या टोपीतली आपली चिऊ का? दृष्ट काढ गं आधी.

दादा: लाल कोटवाले म्हणजे इंग्रज ना? हरणाऱ्यांच्या बाजूने कोण उभं राहतं?

मी: उलट लाल कोटालाच जास्त मागणी. रुबाबदार दिसतो ना. आमच्या ऑफिसातला अकाउंट्सवाला आज सार्जंट होता, ओळखच दाखवेना. घड्याळ नको, चेन नको, पॉलिएस्टर तर नाहीच. शिलाई दिसेल तिथे हातशिलाई.

मोठे काका: १७७५ ला आपल्याकडे काय चाललं होतं? मार्चमध्ये राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला. १९ एप्रिलला तिकडे लेक्सिंग्टनला गोळी सुटली. सवाई माधवराव आदल्याच दिवशी एक वर्षाचे झाले होते.

वहिनी: काका सुरू झाले.

मोठे काका: कॉर्नवॉलिस राहिलाय अजून. १७८१ ला अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण गेला तोच इंग्रज सेनापती. पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल. तिकडे हार, इकडे बढती.

दादा: आणि अमेरिकनांनी बोस्टनला समुद्रात बुडवला तो चहा आपला, आसामचा ना?

मी: नाही रे, चीनचा. ईस्ट इंडिया कंपनी मात्र तीच. १६ डिसेंबर १७७३, ३४२ पेट्या. तेव्हा आसामात चहाचे मळे कुठले!

मोठे काका: त्याच साली ऑगस्टात नारायणरावांचा

आई: पुरे हो भावजी. लोण्याचं सांग गं, माई विचारतायत.

मी: उंच, वर निमुळता होत गेलेला लाकडी डबा. झाकणाला भोक, त्यातून दांडा. आपल्या रवीसारखं गरगर नाही, नुसतं वर-खाली. बाकी पोरं दोन मिनिटांत पळाली, चिऊ वीस मिनिटं चिकटून. लोणी काही येईना.

आई: माई म्हणतायत, विरजण लावलं होतं का?

मी: नाही, थेट दुधावरची मलई.

आई: आणि उन्हात बसला होतात का?

मी: हो, भर उन्हात.

आई: मग कसलं लोणी येतंय म्हणाल्या. गार पाण्याचा हबका मारायचा. आत वितळत असेल तर गोळा धरणार कसा?

मी: अगदी तेच झालं! टोपीवाल्या बाईंनी डबा ओल्या फडक्यात गुंडाळून झाडाखाली नेला. थोड्या वेळाने आवाज बदलला. आधी चुळुकचुळुक होतं, मग एकदम जड, डबाक डबाक.

आई: माई हसतायत. म्हणे, लोणी आलं की कानाला आधी कळतं.

दादा: बंदुका खऱ्या होत्या का?

मी: ठासणीच्या, साडेचार किलोच्या आसपास. गोळी नसते, नुसती दारू. कागदी काडतूस दातांनी फाडायचं, चिमूटभर दारू बंदुकीच्या कानात, म्हणजे चापाजवळच्या खळग्यात, बाकीची नळीत.

वहिनी: दातांनी? म्हणजे आपलं १८५७?

मी: हो, फाडायची रीत तीच. यांच्या कागदाला चरबी नव्हती इतकंच. सगळ्यांनी एकदम बार काढला की धुरात पलीकडची रांग दिसत नाही. चिऊने टोपी कानांवर ओढून घेतली.

आत्या (सांगली): फोटोत सगळे गोरेच दिसतायत गं. गुलाम नव्हते तिकडे?

मी: होते ना, मॅसॅच्युसेट्समध्येसुद्धा. लेक्सिंग्टनच्या मैदानावर प्रिन्स एस्टाब्रुक हा गुलामच उभा होता, जखमीही झाला. आज त्याच्या नावाचा एक फलक होता, तोही तंबूमागे. मी आयोजकांना विचारलं, तर म्हणे भूमिका करायला कुणी मिळत नाही. मग निदान फलक तरी पुढे आणा की. मला ते खटकलंच.

आत्या (सांगली): बरं केलंस बोललीस.

आत्या (सांगली): आणि त्या फोटोत वाळलेलं गवत कुटतायत, ते काय?

मी: जवस!

आत्या (सांगली): चटणीचा जवस?

मी: तोच. आपण बी खातो, हे काड्यांतून धागा काढतात. काड्या कुजवायच्या, वाळवायच्या, कुटायच्या, मग लोखंडी फणीवर विंचरायच्या. शेवटी हातात बारीक पिवळट केस उरतात, त्यांचं लिनन. चाकावर बसलेल्या बाई सारख्या बोटं पाण्यात बुडवत होत्या, म्हणजे धागा गुळगुळीत येतो. त्या काळी इंग्रजी कापड नको म्हणून बायका गावच्या पाद्र्याच्या घरी जमून दिवसभर सूत कातायच्या.

मोठे काका: म्हणजे खादीच की! गांधीजींच्या दीडशे वर्षं आधी.

मी: हो ना. मी तिथे तासभर रेंगाळले, तर पुढच्या वर्षी तुम्हीच बसा म्हणाले.

मोठे काका: नऊवारी नेसून जा.

मी: नऊवारीतली बाई १७७५ ला मॅसॅच्युसेट्सात कशी पोचली ते आधी सांगा काका. कापड मात्र पोचलं होतं. त्यांचं चिंट्झ म्हणजे आपलं छीट, आणि कॅलिको हे नाव कालिकतवरून. म्हणून छिटाचा झगा चालेल. पण कातता कुठे येतंय मला? आज तीनदा हात लावला, तीनदा धागा तुटला.

आई: माईंचा निरोप टाइप करतेय, थांब. "चाकावर शिकू नकोस. आधी टकळी. कापसाचा पेळू चिमटीत घट्ट धरलास तर तुटणारच. पीळ आधी चढू दे, मग हात वर ने."

मी: माईला कसं येतं?

आई: शाळेत सूतकताईचा तास असायचा म्हणे. मार्कं होती त्याला. टकळी अजून आहे, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, चांदीच्या वाट्यांखाली.

वहिनी: चांदीच्या वाट्या आहेत?

आई: हा मेसेज काढून टाकण्यात आला आहे.

आत्या (सांगली): मी मे महिन्यात येतेय तिकडे, टकळी आणते. पेळू कुठे मिळतील ते बघते.

दादा: आत्या, टकळी हातातल्या बॅगेत नको. टोक आहे तिला, विमानतळावर काढून घेतील.

आई: माई म्हणतायत, स्वेटरमध्ये गुंडाळून मोठ्या बॅगेत मधोमध ठेव. चकती वाकली तर फिरणार नाही.