आठ महिन्यांची मुलगी पलंगावरून पडली, कपाळाला टेंगूळ आले आहे. झोपू द्यावे का?

नमस्कार. आमची मुलगी आठ महिन्यांची आहे. आज संध्याकाळी सातच्या सुमारास ती पलंगावर पालथी खेळत होती. मी घडी केलेले कपडे कपाटात ठेवण्यासाठी वळले आणि तेवढ्यात ती कडेवरून खाली फरशीवर पडली. पलंगाची उंची नंतर टेपने मोजली, ती 45 सेंटिमीटर भरली. पडताक्षणी ती जोरात रडली, पाच-सात मिनिटांत खांद्यावर शांत झाली. मात्र तेवढ्या वेळात उजव्या भुवईच्या वर सुपारीएवढे टेंगूळ आले. अर्ध्या तासाने अंगावर पाजले, तेव्हा एकदा उलटी झाली. त्यानंतर ती खुळखुळ्याकडे हात पुढे करते आहे, हसते आहे.

आमचे नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी आहेत. सासूबाईंचे म्हणणे आहे की डोक्याला मार लागल्यावर बाळाला झोपू देऊ नये. पण तिची झोपेची वेळ झाली आहे आणि ती डोळे चोळते आहे. तिला झोपू द्यावे का, त्या एका उलटीला किती महत्त्व द्यावे आणि स्कॅन करून घ्यावा का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. बाळ समोर नसताना निदान करता येत नाही, तेव्हा उद्या तिला डॉक्टरांना दाखवाच. दुसरे बालरोगतज्ज्ञ आजच फोनवर भेटले तर अधिक चांगले. तरीही तुम्ही लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी दिलासा देणाऱ्या आहेत. ती लगेच रडली, म्हणजे शुद्ध गेली नव्हती. दोन वर्षांखालील मुलांमध्ये साधारण 90 सेंटिमीटरपेक्षा उंचावरून पडणे अधिक धोक्याचे धरले जाते, आणि तुमचा पलंग त्याच्या निम्म्यावर आहे. टेंगूळ कपाळावर आहे, हेही बरे. कपाळाचे हाड जाड असते आणि त्वचेला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तेथील सूज पाहता पाहता वाढते व असते त्याहून भयंकर दिसते. तीच सूज कानाच्या वर किंवा डोक्याच्या मागे असती, बोटाला पिलपिलीत लागली असती, तर मी तुम्हाला आत्ताच रुग्णालयात जायला सांगितले असते.

झोपेविषयी: सासूबाईंची काळजी रास्त आहे, पण तिला जागे ठेवून काही साधत नाही. थकलेले बाळ किरकिरते आणि ती किरकिर दुखापतीची की झोपेची, हेच कळेनासे होते. तिला झोपू द्या आणि रात्री दोन-तीन तासांनी गालाला हलकेच स्पर्श करा. तिने तोंड वाकडे केले, हात झटकला, ओठांनी चोखल्यासारखे केले, तर तेवढे पुरे. पूर्ण जागे करण्याची गरज नाही. उठवूनही ती लुळी, निपचित राहिली तर मात्र सकाळची वाट पाहू नका.

रडून दूध प्यायलेल्या बाळाला एखादी उलटी होऊ शकते. पुन्हा पुन्हा उलट्या होऊ लागल्या तर तडक निघा. झटका येणे, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणे, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, एक हात किंवा पाय कमी हलवणे, दूध नाकारणे, कशानेही न थांबणारे रडणे, यांपैकी एक जरी दिसले तरी तेच करा. टाळू पाहायची असेल तर ती शांत असताना, बसवून पाहा, कारण रडताना ती वर येतेच.

साध्या एक्स-रेमध्ये मेंदूतील रक्तस्राव दिसत नाही आणि सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग असतो, म्हणून लक्षणे नसताना स्कॅनपेक्षा काही तास लक्ष ठेवणेच बहुधा पसंत केले जाते. कापडात गुंडाळलेला बर्फ अधूनमधून दोन-तीन मिनिटे टेकवा. टेंगूळ चोळून जिरवू मात्र नका.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील कानाच्या वरच्या सुजेचा मुद्दा कृपया हलक्यात घेऊ नये. आमचा मुलगा सहा महिन्यांचा असताना पडला, तेव्हा तो हसत-खेळत होता म्हणून आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशी टोपी घालताना कानाच्या वर मऊ फुगवटा हाताला लागला आणि तपासणीत कवटीला बारीक चीर निघाली. ती शस्त्रक्रियेविना भरून आली. बाळाच्या केसांतून संपूर्ण डोक्यावर एकदा बोटे फिरवून पाहा.

मूळ प्रश्नकर्ती (तिसऱ्या दिवशी)

सर्वांचे आभार. रात्री ती दोनदा दुधासाठी स्वतःच उठली, उलटी पुन्हा झाली नाही. सकाळी दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांनी तपासले. स्कॅनची गरज नाही म्हणाले. आज टेंगूळ जवळजवळ बसले आहे, पण उजव्या पापणीवर निळसर डाग उतरला आहे. हे नवीन लक्षण समजावे का?

प्रतिसाद १

कपाळात साकळलेले रक्त वजनाने खाली सरकते, त्यामुळे त्याच बाजूच्या पापणीवर एक-दोन दिवसांनी असा डाग दिसतो आणि पुढे हिरवट-पिवळा होऊन जातो. दोन्ही डोळ्यांभोवती काळेनिळे झाले किंवा कानामागे तसा डाग आला, तर ती वेगळी गोष्ट. मग त्याच दिवशी रुग्णालयात न्या. सध्या डॉक्टरांना डागाचा फोटो पाठवून ठेवा.